शनिवारचा फोटो

"अगं, मिठी मार त्याला. परक्या माणसासारखी लांब काय उभी राहतेस?"

"गार आहे हो, ताई."

"गार असायचंच. आमचे भावजी आहेत का ते?"

धाकटी जाऊ हसली, हसता हसता खोकली आणि मग दोन्ही हात पसरून तिने भिंतीवरच्या एक्स-रेच्या उभ्या पाटीला खरोखरच कवटाळलं. हनुवटी वर, छाती टेकलेली. फोटोबाईंनी मागून तिचे खांदे जरा पुढे दाबले. हाताला नुसती हाडं लागली. दीड महिन्यापूर्वी, केमोच्या या फेरीआधी, त्याच जागी मांस लागलं होतं.

शनिवारची दुपार होती. बाहेरचे रोगी गेले होते, डॉक्टर जेवायला गेले होते, आणि एक्स-रे विभागाच्या लांबलचक बोळात फक्त पंख्याचा आवाज उरला होता. या बोळात फोटोबाईंची एकोणतीस वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. वॉर्डातल्या मावश्यांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या फोटोबाईच. निवृत्तीला आठ महिने होते, आणि त्या दमल्या होत्या. एका दिवसाच्या कामाने येतो तो हा थकवा नव्हे; तो झोपून उठल्यावर जातो. हा झोपेतही सोबत असायचा, जुन्या नातेवाइकासारखा.

चिठ्ठीशिवाय फोटो काढायचा नाही, हा इथला पहिला नियम. धाकटीकडे चिठ्ठी नव्हती. पण जिथे दरवाजा असतो तिथे मागचं दारही असतंच. रोज सकाळी यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला एक रिकामा फोटो काढत, आणि संगणकात नावाच्या जागी 'चाचणी' असं लिहीत. महिनाअखेरीला ती सगळी चाचणी पुसून टाकत. कोणा मावशीच्या मुलाचा मुरगळलेला पाय, कोणा शिपायाच्या आईचा खोकला, असं घरचं, अडल्यानडल्याचं काम वर्षानुवर्षं त्या 'चाचणी'त गुपचूप जमा होई. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी कोणाला विचारत नव्हतं.

फोटोबाईंनी आत जाऊन 'चाचणी' लिहिलं आणि कळ दाबली.

चित्र पडद्यावर आलं. काळं म्हणजे हवा आणि पांढरं म्हणजे पाणी नाहीतर पू, एवढं तर पहिल्या वर्षीच कळतं. पुढची अठ्ठावीस वर्षं त्या पांढऱ्याचे हजार प्रकार ओळखण्यात गेली होती. भिंतीला ओल चढावी तसा न्यूमोनिया, तळाशी साचलेलं पाणी, वरच्या कोपऱ्यातला जुना क्षय. नवखे डॉक्टर हळूच येऊन विचारत, "बाई, काही दिसतंय का हो?" आणि बाईंची नजर चुकत नसे. आत्ताही त्यांनी कोपरान् कोपरा बघितला. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ काळी.

"साफ आहे," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"म्हणजे भरती नाही?"

घरी कपाटावर एक कागद चिकटवलेला होता, केमोच्या डॉक्टरांनी दिलेला. 'ताप आला की तासाभरात वॉर्डात.' मागच्या खेपेला धाकटी अशीच वॉर्डात गेली आणि अठरा दिवसांनी बाहेर आली. हातांच्या शिरा दोरखंडासारख्या कडक झाल्या होत्या. या खेपेला तिने सकाळीच सांगून टाकलं होतं, मेले तरी जाणार नाही. तिचा नवरा मालाचा ट्रक घेऊन परगावी गेलेला. दोघी जावांत तासभर वाजलं, आणि शेवटी अर्ध्यावर तोड निघाली: आधी फोटो बघू.

"काही झालेलं नाही तुला," फोटोबाई म्हणाल्या. "घसा धरलाय. ताप काय, मलाही येतो तुझं तोंड बघून. गोळी घे आणि झोप. नाटकं कमी कर."

"नाटकं तुमच्याच घरात शिकले, जाऊबाई."

पण शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसा तिचा चेहरा उजळला होता. सहा वर्षांपूर्वी फोटोबाईंचा नवरा गेला, तेव्हापासून त्या घरात तिघंच उरली होती: फोटोबाई, दीर आणि ही. सत्तावीस वर्षं एका ओट्यावर भांडून भांडून दोघींना एकमेकींच्या पावलांचे आवाज पाठ झाले होते. तो उजळलेला चेहरा बघून फोटोबाईंना बरं वाटलं, आणि कपाटावरचा कागद त्यांच्या मनातून पुसला गेला.

सोमवारी सकाळी धाकटी खाटेच्या कडेवर बसून होती. ओठ निळे. एक वाक्य बोलायला तिला चार श्वास लागत होते.

दीर रविवारी संध्याकाळी परतला होता. त्यानेच तिला उचलून गाडीत घातलं. इस्पितळात नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला, हाताला सुया लागल्या, आणि केमो वॉर्डाच्या पोरसवदा डॉक्टरीणबाई कागद घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"ताप कधीपासून आहे?"

"मी काल संध्याकाळी आलो, तेव्हा अंग गरम होतं, घसा धरलाय म्हणाली," दीर म्हणाला, आणि त्याने वहिनीकडे बघितलं.

"कालपासूनच," फोटोबाई म्हणाल्या.

का म्हणाल्या, ते त्यांनाही कळलं नाही. शब्द तोंडातून निसटला, आणि निसटलेल्या शब्दामागे धावण्याइतकं त्राण त्या क्षणी त्यांच्या पायांत नव्हतं. मुखवट्याच्या वर धाकटीचे डोळे मिटलेले होते.

रक्ताचा अहवाल आला. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. छातीचं सीटी स्कॅन झालं. ते चित्र आलं तेव्हा फोटोबाई त्या अंधाऱ्या खोलीत दाराशी उभ्या होत्या. पडद्यासमोर विभागाचे मोठे डॉक्टर बसले होते, चित्रं वाचून निदान सांगायचे म्हणून ज्यांना सगळे वाचणारे सर म्हणत, शेजारी डॉक्टरीणबाई.

"हे बघा," सर म्हणाले. "तीन गोळे. लिंबाएवढे. भोवती धुकं धरलंय. आणि हा तिसरा तर उलटाच. कड पांढरी आणि मधे करडा. साधा न्यूमोनिया कधी असा दिसतो का?"

"बुरशी असेल, सर?"

"पुस्तकात हे चित्र बुरशीचं. पण हिच्या अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत. असल्या रोग्यात साधे जंतूसुद्धा नाही नाही ती सोंगं घेतात. बुरशीचं सोंग, गाठीचं सोंग." त्यांनी पेन्सिल गालाला टेकवली. "बुरशी सावकाश वाढते. एवढे गोळे व्हायला तिला आठवडा-दोन आठवडे लागतील. जंतू दोन दिवसांत घर धुऊन नेतात. मधला एखादा फोटो असता तर लगेच कळलं असतं. शेवटचा कधीचा आहे?"

"दीड महिन्यापूर्वीचा."

"तो काय कामाचा? मग फुप्फुसाचा तुकडाच तपासायला काढावा लागेल. रात्रीतून प्लेटलेट चढवा. उद्या सकाळी छातीत सुई घालू."

"रक्तस्राव, सर? प्लेटलेट फारच कमी आहेत."

"थांबायला हवा," सर म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

तो 'थांबायला हवा' फोटोबाईंच्या ओळखीचा होता. अशा सुयांच्या वेळी रोग्याचे खांदे धरायला त्याच तर उभ्या राहत. शंभरात नव्वद वेळा काही होत नाही. कधीतरी खोकल्याबरोबर रक्त येतं आणि ते थांबत नाही. एका शिक्षकाचं थांबलं नव्हतं. त्यांचे खांदे याच हातांत होते.

त्या आपल्या खोलीत परतल्या. रांग लागलेली होतीच. एकामागून एक त्यांनी पाच फोटो काढले. सहाव्याला एक म्हातारा होता. त्याचं चित्र पडद्यावर आलं आणि त्यांना दिसलं की डावी-उजवी दाखवणारी खूण आपण उलट्या बाजूला लावली आहे. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा, पुन्हा एकदा उभे राहता का? माझंच चुकलं."

"राहतो की," म्हातारा म्हणाला. "मला कुठे ऑफिस गाठायचंय?"

त्यांनी ती खूण काढून योग्य बाजूला लावली. मधला फोटो होता. दोन हातांवर, याच यंत्राच्या पोटात, 'चाचणी' नावाखाली तो पडून होता. तो बाहेर काढला तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागणार होती. वर्षानुवर्षांचं मागचं दार बंद होणार होतं आणि ज्यांचं ते दार होतं ते सगळे शिव्या देणार होते. तेही चाललं असतं. पण दीर विचारणार होता, शनिवारी? शनिवारीच ताप होता? आणि नाही काढला तर उद्या सकाळी सुई होती. फोटो महिनाअखेरीला आपोआप पुसला गेला असता, आणि मग या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. फक्त वर बसलेला जो सगळ्यांचे फोटो बिनयंत्राने काढतो, त्याच्यापुढे कोणतं नाव लिहिणार होत्या त्या?

म्हाताऱ्याचा फोटो नीट आला. त्यांनी पुढच्या रोग्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं, अंगावरचा शिशाचा एप्रन काढून खुंटीला लावला आणि अंधाऱ्या खोलीचं दार लोटलं.

"सर, मधला फोटो आहे."

"कुठे?"

"चाचणीत बघा. शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं."

डॉक्टरीणबाईंनी वळून बघितलं. सरांनी शोधलं. दोन काळी, स्वच्छ फुप्फुसं पडद्यावर उमटली. शेजारीच आजची, तीन गोळ्यांची.

"हिचाच?"

"हिचाच. माझी धाकटी जाऊ आहे ती. ताप शनिवारीच होता. मी चिठ्ठीशिवाय काढला, साफ बघितला आणि घरी नेलं. आणि सकाळी विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला कागद खाली आला. "बाई, तुम्ही? एवढी वर्षं इथे काढून? दोन दिवस गेले हो त्यांचे!"

"हो."

सरांची पेन्सिल एका चित्रावरून दुसऱ्यावर गेली. "शनिवारी काही नाही, सोमवारी लिंबाएवढे. बुरशीला इतकी घाई नसते. जंतूच असणार." ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. "बुरशीचं औषध चालू राहू दे, पण सुई नको. जंतूंचं औषध आत्ताच्या आत्ता बदला, सगळ्यात वरचं द्या. रक्तात काय वाढतंय त्याची वाट बघू."

डॉक्टरीणबाई धावतच गेल्या. फोटोबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना शिक्षेची घाई नव्हती, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय त्यांना तिथून हलता येत नव्हतं.

"सर, मी नीट बघितला होता हो. कोपरान् कोपरा. मला दिसलं कसं नाही?"

"दिसण्यासारखं काही नव्हतंच, बाई. शनिवारच्या फोटोत आत्ताही मला काही दिसत नाही." सरांचा आवाज थकलेला होता, पण कडू नव्हता. "फोटोत जे पांढरं दिसतं ते चोराचं अंग नव्हे, ती कुत्र्यांची भुंक. चोर घरात शिरला की राखणीची कुत्री, म्हणजे पांढऱ्या पेशी, धावतात, झटापट होते, पू होतो, आणि आपण म्हणतो, हा बघा न्यूमोनिया. हिच्या अंगणात कुत्रंच नव्हतं. चोर आला तरी सगळं शांत; आज दिसतायत ते गोळे म्हणजे त्याने मागाहून केलेली मोडतोड. आपण शांतता बघितली आणि म्हटलं, घर सुरक्षित आहे. एखादा नवखा पोरगा असता ना, तर तो तापाला घाबरून तिला वॉर्डात घेऊन गेला असता. ही चूक करायला तुमच्याएवढी वर्षं लागतात. आता मला हे वर कळवावं लागेल, बाई."

"कळवा."

दीर वॉर्डाबाहेरच्या बाकावर, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. फोटोबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. बसल्या असत्या तर सांगणं झालं नसतं.

"भावजी, ताप शनिवारपासून होता. मी फोटो काढला, काही दिसलं नाही, म्हणून घरी ठेवली. तुमच्यासमोर खोटं बोलले."

त्याने मान वर केली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कागद कपाटावर कोणी लावला होता, वहिनी?"

"मीच."

"मग?"

तो उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा राहूनच म्हणाला, "आता तिचा फोटो तुम्ही काढू नका."

ती वेळ तशीही आली नाही. मंगळवारी त्यांच्या हातात कागद पडला: चौकशी होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, चिठ्ठ्या घ्यायच्या खिडकीत बसायचं. सगळ्या 'चाचण्या' तपासायला काढल्या होत्या. रोज चहा आणून देणारी मावशी खिडकीपुढून मान फिरवून गेली. फोटोबाई चिठ्ठ्या घेत होत्या, शिक्के मारत होत्या, नाव विचारत होत्या. "पूर्ण नाव सांगा," त्या प्रत्येकाला म्हणत, आणि सांगितलेलं प्रत्येक नाव नीट, शेवटपर्यंत लिहीत. संध्याकाळी वॉर्डाच्या दाराशी जात. दीर बाकावर असला की त्या जिन्यापाशी थांबत.

गुरुवारी सकाळी धाकटीचा फोटो खिडकीतल्या पडद्यावर आला. दुसऱ्या टेक्निशियनने काढलेला, किंचित तिरका. बाईंनी बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलाच. उजवं फुप्फुस वरपासून खालपर्यंत पांढरं झालं होतं. डावीकडेही ढग उतरले होते. एकोणतीस वर्षांच्या नजरेने एकच शब्द उच्चारला: गेली.

त्या उठल्या. खिडकीपुढे रांग होती, रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "अहो बाई, आमचं काय?" पण त्या कधी वॉर्डाशी पोचल्या ते त्यांनाच कळलं नाही. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"फोटो बघितलात वाटतं," त्या म्हणाल्या. सोमवारनंतर पहिल्यांदाच त्या बाईंशी बोलत होत्या.

"गेली ना?"

"बसा आधी. फोटो वाईट आहे, माणूस नाही. ताप काल रात्री उतरला. रक्तात जंतू वाढलेत, आपण देतोय तेच औषध त्यांना लागू आहे. आणि पांढऱ्या पेशी आज सहाशे आहेत. सोमवारी शून्य होत्या. त्या परत आल्या आणि एकदम जंतूंवर तुटून पडल्या, म्हणून फोटो पांढरा झालाय. अजून दोन-तीन दिवस फार जपायला लागेल, श्वास कमी पडू शकतो. पण तुमच्या जाऊबाई सुधारतायत."

"कुत्री परत आली," फोटोबाई पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही, डॉक्टर. तुमचे पाय धरावेत असं वाटतंय."

"त्यापेक्षा खिडकीत जा. तुमच्या रांगेतली माणसं इथवर ओरडतायत."

भेटीची वेळ चारची. त्या दिवशी फोटोबाई पहिल्यांदाच नातेवाइकाचा पास घेऊन त्या वॉर्डात शिरल्या. पासवर नातं लिहायचं होतं. त्यांनी 'जाऊ' लिहिलं. खाटेशेजारी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर दीर बसला होता. त्यांना बघून तो उठला. "बसा," एवढंच म्हणाला. वहिनी म्हणाला नाही. चहा आणायला म्हणून तो बाहेर गेला.

धाकटीच्या नाकात नळ्या होत्या. मुखवटा गेला होता. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

"ऐक," फोटोबाई म्हणाल्या. "शनिवारी माझं चुकलं. तुला वॉर्डात न्यायला हवं होतं. मी फोटोवर विसंबले."

"ह्यांनी सांगितलं." शब्दाशब्दाला ती थांबत होती. "तुम्ही... फोटो काढला नसता... तरी मी आलेच नसते. गोधडीत तोंड घालून... पडून राहिले असते. तुम्ही साफ म्हणालात... मला तेच ऐकायचं होतं."

"तुला काय ऐकायचंय ते बघून मी बोलायचं नव्हतं. चूक माझीच."

"तुमचीच आहे." धाकटीने मान वळवली. डोळे खोल गेले होते, पण त्यांत तो जुना, ओट्यापाशी उभा राहणारा मिस्कीलपणा होता. "मी कुठे नाही म्हणतेय? सत्तावीस वर्षांत... पहिल्यांदा चूक कबूल केलीत. ती मी... सोडीन होय?"

फोटोबाई हसल्या, आणि हसण्याबरोबर चार दिवस आत अडवून धरलेलं सगळं डोळ्यांवाटे बाहेर आलं. ते पुसायला त्यांच्याकडे रुमालही नव्हता. धाकटीने डोळे मिटून घेतले. बघितलं नाही असं दाखवायला.

"दुखतंय का काही?"

"पाय. पोटऱ्या... ओढल्यासारख्या."

फोटोबाईंनी खुर्ची खाटेच्या पायथ्याशी ओढली, चादर गुडघ्यापर्यंत सारली आणि धाकटीचा पाय आपल्या मांडीवर घेतला. धाकटी दचकली. तिने पाय ओढून घ्यायला बघितलं, पण तेवढा जोर तिच्यात नव्हता.

"अहो, काय हे... थोरल्या आहात तुम्ही."

"गप्प राहा. बोलू नकोस, दम लागेल."

पाय हलका होता. टाचा फुटलेल्या, घोट्याशी सुयांचे निळे डाग. हजारो अनोळखी अंगं वळवून, दाबून, सरळ करून तयार झालेले ते हात सावकाश पोटरीवरून खाली उतरत होते आणि पुन्हा वर चढत होते. पलीकडच्या खाटेवरच्या बाई कुशीवर वळून बघत होत्या. काही वेळाने धाकटीच्या पायातला ताठा गेला, तोंड किंचित उघडं पडलं आणि तिचा श्वास लांब झाला.

दीर चहाचे दोन कप घेऊन आला आणि दारातच थांबला. वहिनींचे दोन्ही हात कामात होते. कपांवरची वाफ विरून गेली तरी तो तिथेच, दाराला खांदा लावून, त्यांचे हात मोकळे व्हायची वाट बघत उभा राहिला.